जुनी मारुती ८०० घरच्या अंगणात पुन्हा उभी करताना

मारुती ८०० चे उत्पादन १८ जानेवारी २०१४ रोजी थांबले, तरी घाटावर काय किंवा कोकणात काय, एखाद्या आंब्याच्या झाडाखाली, ताडपत्रीने झाकलेली आणि चाकांतली हवा गेलेली मारुती आजही उभी दिसते. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती गेली, तेव्हापासून तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. त्यामुळे सुटे भाग अजूनही मिळतात, ते परवडतात आणि या गाडीचे काम जाणणारा मिस्त्री तालुक्याच्या गावातही सापडतो. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन, सुमारे साडेसहाशे किलो वजन आणि बॉनेट उघडताच प्रत्येक भागापर्यंत पोहोचणारा हात, या तीन गोष्टींमुळे घरी काम शिकायला याहून चांगली गाडी मला माहीत नाही.

मी २०२३ मध्ये रत्नागिरीकडून १९९८ ची कार्ब्युरेटरवाली गाडी आणली आणि कोल्हापुरात घराच्या अंगणात दीड वर्ष तिचे काम केले. त्या अनुभवातून एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे: काम खालून वर करत जावे. रंग, अलॉय व्हील, नवी सीट कव्हरे यांकडे मन आधी धावते. पण गाडीचा तळ, ब्रेक आणि कूलिंग पक्के झाल्याशिवाय वरच्या कामाला हात लावला, तर तेच काम दोनदा करावे लागते आणि पैसेही दोनदा जातात. पुढचा सगळा क्रम याच तत्त्वावर बेतला आहे.

आधी कागद

गाडी कितीही मनात भरली तरी पहिला दिवस कागदांना द्यावा. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची मुदत, विम्याची स्थिती, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलने पाहून घ्यावीत. बोजा दिसत असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याकडून आधी घ्यावा. व्यवहार झाल्यावर या कागदासाठी कोणी फिरकत नाही. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र. आरसीवरील चेसिस क्रमांक आणि बॉनेटखाली पत्र्यावर ठोकलेला क्रमांक एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहावा. तो भाग गंजलेला असेल किंवा तिथे नव्याने वेल्डिंग दिसत असेल तर सौदा सोडून द्यावा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून, पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, ज्याला आपण बोलताना ‘पासिंग’ म्हणतो. त्याचे शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांपुढील मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपयांवर गेले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून महिने उलटले असतील तर दरमहा ५०० रुपये विलंब शुल्क चढते, म्हणून चार-पाच वर्षे बंद पडलेली गाडी ‘फुकटात’ मिळाली तरी ती फुकट नसते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते. हा सगळा खर्च मांडून, त्यानंतर किमतीची बोलणी करावीत.

गाडी पाहताना

सोबत एक लोहचुंबक, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च न्यावी. पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक दरवाज्याच्या खालच्या कडेवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी, म्हणजे पेंटर ज्याला लांबी म्हणतात ती, भरलेली आहे. मग चालकाच्या पायाखालचा गालिचा उचलून पाहावा. पुढची काच किंवा दरवाज्याचे रबर गळत असले की पाणी तिथेच साचते आणि जाड फेल्टखाली वर्षानुवर्षे मुरत राहते.

माझ्या गाडीत तो गालिचा उचलला तेव्हा जमीन काळी, चकचकीत आणि भक्कम दिसली. विकणाऱ्याने नुकतेच एका गॅरेजमधून खालून अंडरबॉडी कोटिंग करून घेतले होते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक अंगठ्याने हलकेच दाबले तर ते कोटिंगच्या सालीतून आरपार गेले आणि खालचे गवत दिसू लागले. गंजावर डांबरी थर दिला की ओल आत कोंडते आणि पत्रा दुप्पट वेगाने जातो. म्हणून नवे कोरे कोटिंग दिसले तर आनंद मानू नये, तिथेच जास्त टोचून पाहावे. मी तरीही गाडी घेतली, कारण इंजिन चांगले होते आणि किंमत त्या भोकाच्या हिशेबाने उतरवून मिळाली.

भोक जमिनीला असले तर ते भरता येते. पण शॉक ॲब्सॉर्बर वरून जिथे बसतो ते बॉनेटखालचे दोन बुरूज, किंवा मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट जिथे धरतात तो पत्रा गंजला असेल तर घरच्या घरी हात घालू नये. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो, त्यामुळे या जागा गेल्या म्हणजे गाडीचा कणाच गेला असे समजावे.

इंजिन थंड असतानाच चालू करून पाहावे. विकणाऱ्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण (हेड) यांमधल्या पॅकिंगचा, संशय घ्यावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, आणि तो सगळ्यांत स्वस्तात सुटणारा दोष आहे. शक्य असल्यास कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्यावे. नेमक्या आकड्यापेक्षा तिन्ही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा आहे. एक सिलिंडर बाकीच्या दोघांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.

जागा, अवजारे आणि जीव

सपाट, काँक्रीटची जमीन हवी. मातीवर जॅक कलतो. रिंग आणि फिक्स पान्यांचा ८ ते २४ चा संच, गोटी पान्यांचा एक चांगला संच, टॉर्क पाना, मल्टिमीटर, फिलर गेज आणि दोन भक्कम घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, एवढ्यावर बहुतेक काम होते. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो. उचलल्यावर तिला घोड्यांवर बसवावे, उरलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. विटा रचून त्यांवर गाडी ठेवणारे मी पाहिले आहेत. वीट न सांगता फुटते. बॅटरीची ऋण तार आधी काढावी आणि सर्वांत शेवटी जोडावी.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि त्याचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर मराठीत चिठ्ठी लावावी. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल मारून ठेवले तर सकाळी आटे न जाता तो निघतो. घाईने जोर लावून तोडलेला एक बोल्ट ड्रिल करून काढायला अख्खी दुपार लागते.

तळ

आता कामाला सुरुवात. सीट, गालिचे आणि फेल्ट सगळे बाहेर काढून जमीन घासून उघडी करावी. जिथे गंज फक्त वरवरचा आहे तिथे तारेच्या ब्रशने घासून फॉस्फरिक आम्लाचे गंजरोधक लावावे आणि ते वाळल्यावर झिंकयुक्त प्रायमर द्यावा. जिथे पत्रा चाळणीसारखा झाला आहे तिथे भोकापुरते न कापता, चांगला चकाकता पत्रा लागेपर्यंत मागे कापत जावे. माझ्या गाडीत सुपारीएवढे भोक होते; कापून झाल्यावर तिथे पाटाएवढी खिडकी तयार झाली.

ठिगळासाठी साधारण वीस गेजचा पत्रा घ्यावा, आधी जाड पुठ्ठ्यावर आकार कापून बसवून पाहावा आणि मग तोच आकार पत्र्यावर उतरवावा. वेल्डिंग स्वतःला येत नसेल तर मिग वेल्डिंग करणाऱ्याला घरी बोलवावे. कापाकापी आणि मापे आपण करून ठेवली तर त्याचे काम अर्ध्या दिवसात उरकते. गॅस वेल्डिंगची उष्णता पातळ पत्र्याला वाकवते. सलग शिवण न घालता आधी इथे एक टाका, मग समोरच्या टोकाला एक, असे टाके देत जावे. पेट्रोलची टाकी आणि नळ्या जवळ असतील तर त्या आधी उतरवून लांब ठेवाव्यात, इंजेक्शनवाल्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, सोडवावा आणि वाळूची बादली हाताशी असावी. वेल्डिंगनंतर सांध्यांत सीलर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत शेवटी खालून कोटिंग, हा क्रम मोडू नये. दरवाज्यांच्या आणि उंबऱ्यांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी कंपनीने ठेवलेली छिद्रे कोटिंगने बुजली नाहीत ना, हे एकेक करून पाहावे. ती बुजली की दुसऱ्या पावसाळ्यात गंज पुन्हा सुरू होतो.

ब्रेक

पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी साधी रचना आहे. उभ्या राहिलेल्या गाडीत बहुधा मागचे व्हील सिलिंडर अडकलेले किंवा गळत असतात. ड्रम काढून सिलिंडरची रबरी टोपी नखाने किंचित उचलावी. आत ओल दिसली तर सिलिंडर बदलावा. तो महाग नाही, आणि निव्वळ किट बदलून भागवण्यात अर्थ नाही, कारण आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडलेले असतात. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. चारही रबरी होज वाकवून पाहाव्यात; बारीक भेगा दिसल्या तर सगळ्याच बदलाव्यात.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून अर्धा उरलेला जुना डबा वापरू नये. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच ऑइल घ्यावे आणि ते रंगावर सांडू देऊ नये. हवा काढण्यासाठी दोन माणसे लागतात. आमच्या घरी मुलगी आत बसली आणि मी चाकाशी पाटावर. मी “दाब” म्हटले की ती तीनदा पेडल दाबून चौथ्यांदा धरून ठेवी आणि “धरलंय, बाबा” असे सांगे. त्यानंतरच मी ब्लीडर, म्हणजे हवा काढण्याचा स्क्रू, पाव फेरा सैल करी, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीतल्या ऑइलात जात, ब्लीडर आवळला की मगच मी “सोड” म्हणे. पेडल आधी सुटले तर हवा परत आत ओढली जाते. सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरू करून मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असे आम्ही गेलो. मधूनमधून मास्टर सिलिंडरच्या टाकीतले ऑइल पाहत राहावे. ती रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून. पेडल दगडासारखे टणक लागेपर्यंत आमचा रविवारचा पूर्ण सकाळचा वेळ गेला, आणि तो वेळ देण्यासारखाच होता.

कूलिंग आणि टायमिंग बेल्ट

या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि एकदा जास्त तापले की ते वाकते. बहुतेक जुन्या गाड्यांत नळाचे पाणी भरलेले सापडते, रेडिएटर क्षाराने भरलेला असतो आणि ‘गाडी तापत होती म्हणून’ कोणा मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. थर्मोस्टॅट परत बसवावा, कारण त्याच्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि आतून झिजते. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे आतल्या नळ्यांत सळी घालून साफ करून, घ्यावा, सर्व होज व क्लिपा नव्या घालाव्यात, कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरावे आणि पंखा आपोआप सुरू होतो का हे गाडी उभी ठेवून तपासावे.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा लेखी पुरावा नसेल तर तो टेन्शनरसकट बदलावा. जुना पट्टा काढण्याआधी क्रँक फिरवून दोन्ही पुलींवरच्या खुणा जुळवाव्यात, त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा, आणि नवा पट्टा चढवल्यावर पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात याची खात्री केल्याशिवाय स्टार्टर मारू नये.

इंजिन आणि पेट्रोल

इंजिन चांगले असेल तर उघडू नये. ऑइल, फिल्टर, प्लग, एअर फिल्टर आणि टॅपेटचे (व्हॉल्व्हच्या फटीचे) सेटिंग एवढ्यावर ते पुष्कळदा सुधारते. डिस्ट्रिब्यूटरच्या तारा काढल्या असतील तर फायरिंगचा क्रम १-३-२ आहे हे लक्षात ठेवावे. कार्ब्युरेटर उघडल्यावर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रांत, तार कधीही घालू नये, छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोलखाऊ बनते. क्लीनर आणि हवेनेच जेट साफ करावेत.

पेट्रोलच्या नळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि नव्वदच्या दशकातले रबर त्यासाठी बनलेले नाही; ते फुगते, मऊ पडते आणि भेगाळते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉल सहन करणाऱ्या दर्जाची घालावी आणि दर महिन्याला हात फिरवून वास घ्यावा. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

रिंग-पिस्टनचे काम निघालेच तर इंजिन उतरवणे घरी जमते, बोअरिंग आणि हेडचे फेसिंग मात्र लेथवाल्याकडेच. कोल्हापुरात उद्यमनगरात ही कामे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ला. आधी बोअर मोजून घ्यावा, किती ओव्हरसाइज लागणार ते ठरवावे आणि मगच पिस्टन विकत घ्यावेत.

सस्पेन्शन, टायर आणि तारा

लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एन्ड जोडीने बदलावेत. पुढच्या स्ट्रटची स्प्रिंग मात्र चांगल्या कॉम्प्रेसरशिवाय सोडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. टायरच्या भिंतीवरचा चार अंकी आकडा वाचावा: ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांपुढचे टायर मी ठेवत नाही.

मोठी चाके बसवण्याचा मोह इथेच होतो, म्हणून हिशेब करून दाखवतो. १४५/७० आर१२ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर येतो आणि १५५/६५ आर१३ चा ५३२. फरक साडेचार टक्क्यांहून जास्त, म्हणजे काटा ६० दाखवत असताना गाडी जवळपास ६३ ने धावते, पिकअप मंदावतो आणि पूर्ण वळणावर टायर आत घासण्याची शक्यता वाढते. सदतीस-अडतीस अश्वशक्तीच्या इंजिनाला हे ओझे देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी खरोखर उपयोगाचा बदल हेडलाइटचा आहे. मल्टिमीटरने बॅटरीचा व्होल्टेज आणि बल्बच्या पिनवरचा व्होल्टेज मोजावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट असेल तर जुन्या स्विचमधून जाणारा वीजप्रवाह रिलेवर, म्हणजे मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचवर, घ्यावा, बॅटरीजवळ फ्यूज घालावा आणि बल्ब मूळ वॅटचाच ठेवावा. माझ्या गाडीत एवढ्यानेच रात्रीचा रस्ता नीट दिसू लागला. दरवाज्यांच्या आत आणि जमिनीवर आवाज शोषणारे पत्रे, मागच्या सीटला बेल्ट आणि इंजिन ते बॉडी अशी नवी अर्थिंगची तार, हे आणखी तीन बदल मनापासून सुचवतो.

कायद्याची मर्यादा ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले आहे. रंग बदलायचा असेल किंवा सीएनजी किट बसवायचे असेल तर आरटीओकडे नोंद हवी. लोखंडी बुल-गार्ड, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि काळ्या काचा यांना पासिंगच्या वेळी हमखास अडवतात.

रंग, सर्वांत शेवटी

घासणे, पुट्टी आणि मास्किंग घरी करावे. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्याहून खोल खड्डा आधी ठोकून वर काढावा. कोरड्या ८० नंबरच्या कागदापासून १८०, ३२० असे करत प्रायमर द्यावा आणि त्यावर ८०० ने पाण्यात घासावे. फवारणी मात्र बूथमध्येच करून घ्यावी, कारण हार्डनर मिसळलेल्या क्लिअर कोटची वाफ फुप्फुसांना घातक असते आणि साधा मास्क तिला अडवत नाही. पावसाळ्यात रंग देऊ नये, दमट हवेत तो पांढुरका पडतो. दिवाळीनंतरचे महिने चांगले.

रस्त्यावर

विमा आणि पीयूसी हाती आल्यावर पहिले पन्नास किलोमीटर घराच्या आसपासच फिरवावेत, दर थांब्याला चाकांचे नट आवळून पाहावेत आणि गाडीखाली वर्तमानपत्र पसरून कुठे काय ठिबकते ते बघावे. रिंगा बदलल्या असतील तर पाचशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलावेत. त्यानंतरच घाट. मी आंबा घाट निवडला. दुसऱ्या गिअरमध्ये, खिडक्या उघड्या ठेवून, तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवत चढलो. काटा मध्यावर राहिला. वर पोहोचल्यावर बॉनेट उघडून चारही चाकांना हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहिला. मागचे उजवे चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागले, तो ब्रेक किंचित धरत होता. घरी येऊन त्याचे ॲडजस्टमेंट दोन दाते सैल केले.